हाताला काम, वाटेत पायऱ्या

१९९०च्या दशकात तालुक्याच्या कुठल्याही गावी एसटीतून उतरलं, की स्टँडच्या फाटकाशी पिवळी पाटी दिसायची : एसटीडी, आयएसडी, पीसीओ. काचेच्या खोक्यात एक टेलिफोन, समोर लाल आकडे पळवणारं मीटर, टेबलावर पावती छापणारं छोटं यंत्र आणि खुर्चीत बसलेला चालक. तो पुष्कळदा पोलिओ झालेला असे. कुबड्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या, बाहेर तीनचाकी सायकल उभी. अपंगांना सार्वजनिक टेलिफोनचे बूथ प्राधान्याने द्यायचे, हे सरकारी धोरण होतं आणि त्या काळात ते खरोखर उपयोगी पडलं. रात्री दर उतरले की बूथबाहेर रांग लागे. पोरगा मुंबईला असलेली आई, बाजारभाव विचारायला आलेला अडत्या, निकालाची वाट बघणारी मुलं, सगळ्यांची त्या चालकाशी ओळख असे. गावाचं त्याच्यावाचून अडत होतं.

मग मोबाइल आला. दहा वर्षांच्या आत ते बूथ गेले. काहींनी झेरॉक्सचं मशीन घेतलं, काहींनी रिचार्जची कार्डं आणि बिस्किटांचे पुडे मांडले, पुष्कळांनी शटर कायमचं ओढलं. टेलिफोन जाणार हे सरकारला, कंपन्यांना, सगळ्यांना आधी कळलं होतं. पण या माणसांचं पुढे काय, याची आखणी कुठे झालेली दिसत नाही. कारण रोजगार दिला होता तो खोक्याच्या आधाराने. त्या माणसाला काय येतं, आणखी काय शिकता येईल, हे कुणी विचारलंच नव्हतं. खोकं गेलं, तसा रोजगारही गेला.

हे एकदाच घडलेलं नाही. अंधांना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवलं. कचेऱ्यांत प्लास्टिकच्या आणि चाकांच्या खुर्च्या आल्या. बँकांत, सरकारी कार्यालयांत त्यांना टेलिफोन ऑपरेटर म्हणून घेतलं. त्यांची स्मरणशक्ती आणि आवाज त्या कामात फार मोलाचा ठरला, पण थेट नंबर लागू लागल्यावर टेलिफोनचा तो बोर्डच उठला. प्रत्येक वेळी रीत एकच : ‘यांना काय जमेल’ ते बाहेरच्यांनी ठरवायचं, बहुतेक करून बसल्या जागी उरकणारं काहीतरी शोधायचं आणि जबाबदारी संपली असं मानायचं. माझं म्हणणं साधं आहे. काम देणं ही अर्धी गोष्ट झाली. ते काम करता येईल, त्यात पुढे जाता येईल आणि एक काम सुटलं तर दुसरं धरता येईल, अशी सोय करणं ही उरलेली अर्धी. आपल्याकडे पहिल्या अर्ध्यावर भाषणं होतात, दुसरी राहून जाते.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख लोकांनी अपंगत्व नोंदवलं. महाराष्ट्रातला आकडा २९ लाखांच्या वर आहे. अपंगत्व असलेल्या पुरुषांत काम करणारे सुमारे ४७ टक्के होते, स्त्रियांत सुमारे २३. त्यानंतर २०१८च्या उत्तरार्धात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीत हाच विषय घेतला गेला. पंधरा वर्षांवरच्या अपंग व्यक्तींमध्ये बेकारीचं प्रमाण निघालं ४.२ टक्के. हा आकडा एकटा वाचला तर वाटेल, मग तक्रार कसली? पण बेकार म्हणून मोजला जातो तो काम शोधणारा, आणि त्याच सर्वेक्षणानुसार काम करणारे आणि शोधणारे मिळून होते फक्त २३.८ टक्के. म्हणजे चारातले तीन जण कामाच्या बाजाराच्या दारापर्यंतही आलेले नाहीत. काहींचं वय झालं असेल, काहींचा आजार मोठा असेल, हे मान्य. तरीही इतकी माणसं घरात राहतात याचा अर्थ त्यांनी शोध सोडून दिला आहे, किंवा तो सुरूच होऊ दिला गेला नाही.

सुरू होऊ न देणारं पहिलं ठिकाण घर आहे, हे कडू वाटलं तरी म्हणायला हवं. आपल्याकडे अपंग मुलाला जपतात, फार जपतात. ‘तू कशाला धडपडतोस, आम्ही आहोत ना’ हे वाक्य मायेचंच असतं. पण दहावीनंतर शिक्षण थांबतं ते याच वाक्यावर. मुलीच्या बाबतीत भीती दुप्पट : प्रवासात काही झालं तर, कुणी फायदा घेतला तर, आधीच लग्नाचं अवघड. मग ती घरातली धुणीभांडी करते, भावाची मुलं सांभाळते, शिवण करते आणि जनगणनेत ‘काम न करणारी’ म्हणून नोंदली जाते. आईबाप थकतात तेव्हा हीच मुलगी चाळिशीची झालेली असते. हातात ना पगाराचा अनुभव, ना बँकेचं खातं चालवायची सवय. राज्य सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेचं मासिक अनुदान आधाराला असतं. तो आधार हवाच, पण त्यावर कुणाचं आयुष्य उभं राहत नाही.

घरच्यांची भीती उगाच असते असंही नाही. घराबाहेरची वाट तशीच आहे. आपल्या साध्या लाल एसटीची पहिली पायरी धडधाकट म्हाताऱ्यालाही आधाराशिवाय चढवत नाही. कॅलिपर घातलेल्या माणसाला कंडक्टरने हात दिला तर ठीक, नाही तर पुढची गाडी. मुंबईत लोकलला अपंगांसाठी वेगळा डबा आहे. गर्दीच्या वेळी त्यात धडधाकट माणसं खुशाल घुसतात, आणि हटकलं तर उलट पास दाखवा म्हणून दरडावतात. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या किती तरी बायका नोकरीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण ऑफिसात त्यांना वापरता येईल असं स्वच्छतागृह नसतं. मूत्रमार्गाचे आजार, किडनीचा त्रास, रजा आणि मग ‘तब्येतीमुळे हिला झेपत नाही’ असा शेरा, हे सगळं एका रुंद दारामुळे आणि भिंतीतल्या एका दांडीमुळे टळू शकतं. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात चाकाच्या खुर्चीतल्या वधूला उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली आले नाहीत. ती बातमी देशभर गेली, तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. लग्नाच्या दिवशी एकदा घडलं म्हणून बातमी झाली. नोकरीच्या मुलाखतीला तर हे नेहमीचंच आहे.

घर आणि रस्ता ओलांडला की कागद येतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यावरचा टक्का. सिव्हिल हॉस्पिटलात ठरलेल्या वारी बोर्ड बसतं, त्या दिवशी व्हरांड्यात गर्दी असते. पाड्यावरून, वाडीवरून मुक्कामाची गाडी करून आलेली माणसं, पाठीवर घेतलेली मोठी मुलं, ‘कानाचे डॉक्टर आज नाहीत, पुढच्या वेळी या’. आता अर्ज ऑनलाइन झाले आहेत आणि देशभर चालणारं यूडीआयडी कार्ड मिळतं : ८० टक्के आणि वर असेल तर निळी पट्टी, ४० ते ७९ला पिवळी, त्याखाली पांढरी. सोय झाली, पण २०१८च्या त्याच सर्वेक्षणात प्रमाणपत्र असलेल्यांचं प्रमाण होतं अवघं २८.८ टक्के. नोकरीतलं आरक्षण ४० टक्क्यांपासून सुरू होतं. ज्याचं मोजमाप ३८ भरलं त्याला बस चढायला त्रास तेवढाच होतो, आरक्षण मात्र नाही.

याच कागदाची चोरी होते, ही या विषयातली सर्वांत संतापजनक बाब आहे. २०२४ साली महाराष्ट्रात नेमणूक असलेल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून गाजलं, केंद्रीय लोकसेवा आयोगाने तिची उमेदवारी रद्द केली. त्यानंतर प्रमाणपत्रांच्या फेरतपासण्या सुरू झाल्या. त्या व्हायलाच हव्यात. पण तपासणीचा भार पडला तो खऱ्यांवर. पंधरा वर्षं इमानाने शिकवणाऱ्या अधू पायाच्या गुरुजींकडे सहकारी संशयाने बघू लागले, बदलीच्या काळात तर उघड बोलू लागले. बदलीत सवलत मिळावी म्हणून ऐकू येत नसल्याचा दाखला काढणाऱ्याने सरकारला फसवलंच, पण खरोखर ऐकू न येणाऱ्या एका माणसाची जागा आणि दुसऱ्या शंभरांची पत त्याने खाल्ली.

कायदा काय सांगतो, ते थोडक्यात. १९९५च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिलं. मोजणी कशी करायची यावर इतका वाद घातला गेला, की अखेर ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात सांगावं लागलं की टक्केवारी संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर काढा. कायदा झाल्यापासून अठरा वर्षांनी! इतक्या काळात अनुशेषाच्या किती जागा वाया गेल्या आणि किती उमेदवारांचं वय उलटलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही. २०१६चा कायदा अधिक समंजस आहे. सातऐवजी एकवीस प्रकारचं अपंगत्व त्यात आलं, आरक्षण ४ टक्के झालं, आणि त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी ठेवला गेला. शिवाय प्रत्येक सरकारी आस्थापनेने वाजवी सोयी पुरवल्या पाहिजेत, असं कायद्यातच लिहिलं आहे. केंद्राने २०२१च्या जानेवारीत अपंगांसाठी योग्य ठरवलेल्या ३,५६६ पदांची यादी काढली. एवढं असूनही पदंच कंत्राटी होत चालल्यावर आरक्षण लागायचं कशाला, हा प्रश्न उरतोच.

आणि यादी, टक्का, परीक्षा हे सगळं पार केल्यावरही दार बंद होऊ शकतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची वाटचाल महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तिच्यातला मधला टप्पा लोक विसरतात. सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत, मग सेंट झेवियर्समध्ये, मग जेएनयूत त्या शिकल्या. पहिल्याच प्रयत्नात केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळाली. ती सेवा त्यांना पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन नाकारण्यात आली. त्या खचल्या नाहीत, पुन्हा परीक्षेला बसल्या, २०१७ साली १२४वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या आणि पुढे तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. सत्कारात त्यांच्या जिद्दीवर बोललं जातं, ते योग्यच आहे. पण जी ही परीक्षा एकदा पास झाली होती तिला ती दुसऱ्यांदा का द्यावी लागली, यावरही बोललं पाहिजे. जिद्द कमी असणाऱ्यालाही नोकरी मिळाली पाहिजे. धडधाकट माणसाकडे आपण असामान्य धैर्य मागत नाही, ठीकठाक गुण मागतो.

न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत ही गोष्ट अनेकदा सांगितली. लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार असलेल्या विकास कुमार यांना, टक्का चाळीसच्या आत म्हणून, आयोगाने लेखनिक नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ फेब्रुवारी २०२१च्या निकालाने तो हक्क मान्य केला. २०२४च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, की वाचादोषाचा टक्का ठरावीक आकड्याच्या वर गेला एवढ्यावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, हा मुलगा अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते बघा. आणि ३ मार्च २०२५ रोजी मध्य प्रदेशातला अंधांना न्यायिक सेवेतून वगळणारा नियम रद्द झाला. त्या प्रकरणाची सुरुवात एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून झाली होती. हे निकाल मोठे आहेत, पण एकेका माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागणं ही काही भरतीची पद्धत म्हणता येणार नाही.

समजा, नेमणूक झाली. आदेश हातात आला, पेढे वाटले. पुढे काय होतं ते मला या लेखात सर्वांत आवर्जून सांगायचं आहे. बँकेत किंवा कचेरीत रुजू झालेल्या अंध कर्मचाऱ्याला पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवशी सांगतात : ‘तुम्ही आरामात बसा, सही करा, काही काळजी करू नका.’ सांगणाऱ्याला वाटतं आपण किती चांगले! ऐकणाऱ्याचा त्यात अपमान होतो. तो पदवी घेऊन, स्पर्धा परीक्षा देऊन आलेला असतो. आज पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत. एनव्हीडीए हे तर दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केलेलं आणि फुकट मिळणारं. त्यावर अंध माणूस पत्रव्यवहार करतो, हिशेबाचे तक्ते हाताळतो, प्रोग्रॅमिंग करतो.

अडचण येते मराठीची. आपल्याकडची किती तरी कागदपत्रं अजूनही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. डोळ्यांना ती मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ असते, आणि वाचक सॉफ्टवेअर तीच माळ वाचून दाखवतं. युनिकोडमध्ये टंकलेलं असलं की तोच मजकूर खणखणीत मराठीत ऐकू येतो. दुसरी अडचण परिपत्रकांच्या फोटोंची. कागद छापायचा, साहेबाची सही घ्यायची, स्कॅन करायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. अंध कर्मचाऱ्यासाठी तो कोरा कागद. मूळ फाइल सोबत जोडायला कुणाला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. तरी होत नाही आणि मग ‘यांना परिपत्रकं माहीत नसतात’ असा शेरा गोपनीय अहवालात पडतो. आपण दिवाळी अंकवाल्यांनीही हे ऐकायला हवं : आपल्या अंकांच्या पीडीएफ पुष्कळदा अशाच जुन्या फॉन्टमधल्या असतात. स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं, त्याला मिळालेला वाचक बघितला की मराठी वाचायला आसुसलेली किती माणसं आपण बाहेर ठेवली आहेत हे कळतं.

कर्णबधिरांची अडचण याहून निराळी आणि डोळ्यांना न दिसणारी. त्यांना जिना चढता येतो, संगणक वाचता येतो, म्हणून सगळं ठीक आहे असं समजतात. बैठकीत दहा माणसं बोलतात, हसतात, निर्णय होतात, आणि हा माणूस ओठांकडे बघत बसलेला असतो. शेवटी शेजारचा सांगतो, ‘काही विशेष नाही’. हे वाक्य नोकरीभर ऐकायचं. जेवायच्या सुट्टीत डबा एकट्याने खायचा, कारण खुणांची भाषा कुणी शिकलेलं नसतं. मुंबईत ध्रुव लाकरा यांनी मिरॅकल कुरिअर्स सुरू केली, ती कर्णबधिरांना घेऊनच. तिथला विचार मला फार पटतो. कुरिअरमध्ये पत्ता वाचायचा असतो, वाट शोधायची असते, सही घ्यायची असते. बोलण्यावाचून काही अडत नाही आणि निरोप एसएमएसने जातो. कर्णबधिरांची नजर तीक्ष्ण आणि वाटांची आठवण चांगली, तर तीच कामाला लावायची. इथे दया दाखवलेली नाही, कामाचा आणि माणसाचा नीट अभ्यास केला आहे.

असाच अभ्यास कोल्हापुरात फार आधी झाला, आणि तो करणारी व्यक्ती स्वतः चाकाच्या खुर्चीत होती. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. त्या हताश काळात त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही चाकाच्या खुर्चीत होते, आणि व्यवसाय करत होते. डॉक्टरांच्या शंभर उपदेशांनी झालं नसतं ते त्या एका माणसाला बघून झालं. नसीमादीदींनी शिक्षण पूर्ण केलं, केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन अनेकांनी वाचलेलं असेल. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांनी लावलेला क्रम. आधी राहायची सोय, कारण खेड्यातला मुलगा रोज शाळेला येऊ शकत नाही. म्हणून ‘घरौंदा’ वसतिगृह. मग शाळा, जिथे अपंग आणि धडधाकट मुलं एका बाकावर बसतील. मग कार्यशाळा, जिथे चाकाच्या खुर्च्यांसारखी साधनं अपंग कारागीरच बनवतील. खुर्चीत बसणाऱ्याइतकं खुर्चीचं मर्म दुसरं कोण ओळखणार?

त्यानंतर सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावी ‘स्वप्ननगरी’ झाली आणि तिथे काजू प्रक्रियेचं काम सुरू झालं. ही निवड विचारपूर्वक आहे. काजू कोकणाचाच, माल दारात. बी शिजवायची, फोडायची, गर वाळवायचा, वरची तांबूस साल काढायची, मग आकारानुसार प्रतवारी : पौंडाला साधारण ३२० गर भरतात ती प्रत निराळी, २४० भरतात ती निराळी, तुकडा निराळा. या साखळीत पायाचं बळ लागणारी कामं आहेत आणि केवळ बोटांचं, नजरेचं कसब लागणारीही आहेत. एकाच्या पायात ताकद नाही पण बोटं चपळ, दुसऱ्याला ऐकू येत नाही पण अंगात बळ आहे. दोघं एका साखळीत बसतात. आणि मुख्य म्हणजे काजू बाजारात काजू म्हणूनच विकला जातो. गिऱ्हाईक बशीतल्या गराकडे बघतं, करणाऱ्याच्या पायांकडे बघत नाही. अपंगांनी केलेल्या वस्तू दिवाळीला ‘मदत म्हणून’ घ्यायची आपली सवय वाईट नव्हे. पण वर्षातून एकदा मदत म्हणून घेतलेल्या पणतीवर कुणाचं घर चालत नाही, बारा महिने चांगला म्हणून घेतलेल्या मालावर चालतं.

स्वीकार कसा होतो, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण आनंदवन आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झाडोऱ्याच्या जमिनीवर कुष्ठरोग्यांना घेऊन काम सुरू केलं. बोटं झडलेल्या हातांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली. भाजी आली, दूध आलं, पण वरोऱ्यातलं कुणी ते विकत घेईना. माल उत्तम होता, हात ‘तसले’ होते. पुढे १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, कुष्ठरोग्यांबरोबर राबले, त्यांच्या पंक्तीला जेवले. ते बघून गावाची भीड चेपली आणि आनंदवनाचा माल बाजारात खपू लागला. त्यानंतर बाबांनी जे केलं ते मला याहूनही दूरदृष्टीचं वाटतं : १९६०च्या दशकात त्यांनी आनंदवनात महाविद्यालय काढलं. परिसरातल्या धडधाकट मुलांना शिकायचं तर आनंदवनात यावं लागलं. ज्यांना गावाने हाकललं होतं त्यांच्या दारात गाव पोरांच्या शिक्षणासाठी आलं. तिथेच संधिनिकेतनात अपंगांना व्यवसाय शिक्षण मिळू लागलं, अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा झाल्या. समाजाचं मन वळवायला भाषणं पुरत नाहीत, समाजाला त्या माणसांची गरज वाटावी लागते. कायद्याला मात्र फार वेळ लागला : कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या वैयक्तिक कायद्यांत २०१९पर्यंत होतं.

अपंगत्व म्हणजे जन्माने किंवा लहानपणी आलेलं, असं आपण धरून चालतो. पण मळणी यंत्रात हात जातो, पॉवर प्रेसखाली बोटं जातात, लोकलमधून पडून पाय जातो, साखरेच्या आजाराने दृष्टी जाते. सरकारी नोकरीत असताना असं झालं तर त्या माणसाला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. ते काम जमणार नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, असं २०१६च्या कायद्याचं २०वं कलम सरकारी आस्थापनांना बजावतं. जखमी माणसाला पुन्हा कामाला लावायची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुण्यात खडकीला आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, पोहायला शिकले आणि १९७२ साली हायडेलबर्गला भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. मधल्या वर्षांत त्यांना उभं ठेवलं ते पुण्यात टेल्कोतल्या नोकरीने. पदकाची गोष्ट आपण पोरांना सांगतो, तशी त्या नोकरीचीही सांगितली पाहिजे.

सर्वांत मागे राहिले आहेत ते बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेले तरुण. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपते आणि आईबापांच्या झोपेतही एकच प्रश्न असतो : आमच्यामागे याचं काय? जुहूच्या ‘कॅफे अर्पण’सारख्या ठिकाणी हेच तरुण सँडविच करतात, टेबलं मांडतात, ऑर्डर घेतात. तिथे काम लहान पायऱ्यांत तोडून, चित्रांनी दाखवून, पुन्हा पुन्हा करून शिकवावं लागतं. वेळ जास्त लागतो. पण एकदा बसलेली रीत ते चुकवत नाहीत, आणि पहिल्या पगारातून आईला साडी घेणारा मुलगा बघितल्यावर त्या वेळाचा हिशेब करावासा वाटत नाही. अशी ठिकाणं मोजकी आहेत आणि जवळजवळ सगळी मोठ्या शहरांत. जालना, गडचिरोली, नंदुरबारच्या पालकांनी कुठे जायचं?

महाराष्ट्राने २०२२च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. पुष्कळ गावांत तो पैसा मार्चअखेरीला चादरी, किराणा किंवा हातावर ठेवलेल्या हजार-दोन हजारांत संपतो. त्याच पैशात ग्रामपंचायतीला आणि शाळेला उतार बांधता येईल, मुलाला प्रशिक्षणाच्या गावी राहायचं भाडं देता येईल, वाचक सॉफ्टवेअर चालणारा संगणक घेता येईल. ग्रामसभेत हे मागायला कुणालाही परवानगी लागत नाही.

खाजगी नोकऱ्यांना आरक्षण नाही, पण कायदा त्यांनाही लागू आहे. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील त्या प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण लेखी करून जाहीर करायचं आहे, कोणती पदं आणि कोणत्या सोयी आहेत ते त्यात सांगायचं आहे आणि संपर्क अधिकारी नेमायचा आहे. कारखाना, दुकान, रुग्णालय, शाळा, पतपेढी, वर्तमानपत्र, कुणीही यातून सुटलेलं नाही. वाचकहो, ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येईल, हार-तुरे होतील. त्याआधी आपण जिथे काम करता तिथे एवढं विचारा : ते धोरण कुठे आहे, संपर्क अधिकारी कोण आहे आणि तळमजल्यावर चाकाची खुर्ची जाईल असं स्वच्छतागृह आहे का. आणि मुलाखत घ्यायची वेळ आपल्यावर आली, तर समोरच्याला ‘जमेल का’ असं विचारू नका. ‘काय लागेल’ ते विचारा, आणि रुजू व्हायच्या दिवसाआधी ते आणून ठेवा.